पावसाळ्यात डोंगर सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

नौपाड्याचा भटक्या

परवा घोडबंदरकर यांनी इथे लिहिलं: "जून ते सप्टेंबर ठाणे-रायगडचे सगळे गड, धबधबे, डोंगर सरसकट बंद करा. दरवर्षी माणसं मरतात आणि पोलीस, वनखातं, गावकरी वेठीला धरले जातात. हौशी मंडळींनी चार महिने घरी बसावं." खाली अंगठ्यांचा ढीग. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

बंदी नवी नाही. पूर्वी जमावबंदीचं कलम १४४ लागायचं, आता त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ लागतं. खारघरचा पांडवकडा धबधबा तर वर्षानुवर्षं पावसाळ्यात बंद आहे. फाट्यावर पोलीस उभे असतात आणि पोरं मागच्या बाजूने झाडीतून शिरतात. बोर्ड वाचून कोण परत फिरतो? ज्याला मुळात अक्कल आहे तोच.

पावसाळ्यातल्या बातम्या नीट वाचा. माणसं जातात ती बहुतेक पाण्यात. कुंडात उतरतात, धबधब्याखाली उभी राहतात, ओढा ओलांडतात. वर पठारावर पाऊस कोसळत असतो, खाली थेंबही नसतो, आणि काही मिनिटांत गुडघाभर पाण्याचं छातीभर होतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की आहे ते सोडून वर सरकायचं. हे आम्हाला आमच्या ठाण्याच्या क्लबातल्या सीनियरनी आसनगावजवळच्या माहुली गडाच्या ओढ्यात उभं करून दाखवलं. पावसातच दाखवलं, कारण डिसेंबरात ते दाखवता येत नाही. कातळावरचं शेवाळ, नाळेतले, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीतले, सुटे दगड, ढगात हरवलेली वाट, हे सगळं शिकायचे महिने हेच.

माहुलीची जंगलातली पायवाट आणि पांडवकड्याचं कुंड एकाच आदेशात कोंबता, तेव्हा शिकवणारे घरी बसतात आणि न शिकलेले रील बघून जातात. माझं अख्खं आयुष्य या डोंगरांनी घडवलंय. आसनगावला पहाटे लोकलमधून उतरणारा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा दिसला की मला आनंद होतो. त्याला घरी बसवू नका, त्याच्यासोबत कोणीतरी जाणतं द्या.

घोडबंदरकर

तुमचे सीनियर होते, नशीब तुमचं. आमच्या सोसायटीतला मुलगा कर्जतजवळच्या भिवपुरीच्या धबधब्याच्या बाजूला कॉलेजच्या मित्रांबरोबर गेला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. तिसऱ्या दिवशी सापडला. त्याची बाइक दिवाळीपर्यंत पार्किंगमध्ये तशीच उभी होती, कारण चावी त्याच्या खिशात होती आणि दुसरी चावी शोधायची हिंमत घरात कोणाला होत नव्हती. मी सोसायटीचा सेक्रेटरी. ती बाइक हलवा असं त्या बापाला मी सांगायचं होतं.

तेव्हा पाणी गढूळ झालं की सरका वगैरे मला शिकवू नका. वीस वर्षांच्या पोरांना पाण्यात उतरल्यावर पाण्याचा रंग दिसत नाही. कायद्याने अडवलेलं बरं. दहांतले चार अडले तरी चार घरं वाचली.

दोरवाला पनवेल

दोघांनाही सांगतो. मी रेस्क्यूला जातो, पनवेल-खालापूर पट्ट्यात. लोकांना वाटतं आम्ही सरकारी आहोत. खोपोलीचे यशवंती हायकर्स घ्या, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र घ्या, सगळी नोकरी-धंदा सांभाळणारी पोरं. फोन आला की शिफ्ट टाकून निघायचं, पगार कापला गेला तर गेला. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर जवळच्या टीमला कळवतं आणि टीम चालायला लागते.

२०२३च्या जुलैत खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वर जायला रस्ता नव्हता. भर पावसात, रात्री, चिखलातून चढायचं. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी त्या चढावर हृदयविकाराने गेले. घोडबंदरकर, त्या रात्री त्या वाटेवर जे न घसरता चढले ना, ते पावसात डोंगर चढायची सवय असलेले होते. डोंगर चार महिने बंद ठेवलात तर अशा रात्री वर पाठवायला माणसं कुठून आणणार?

पण भटक्यासाहेब, पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्यावर पावसाळ्यात बंदी हवीच. त्या कोरीव पायऱ्या, कठडा नाही, शेवाळ आणि वर रांग. तिथे शिकण्यासारखं काही नाही, फक्त पडण्यासारखं आहे. आणि खरं दुखणं वेगळंच आहे. आम्हाला फोन येतात त्यातले कितीतरी या शनिवार-रविवारच्या, पैसे घेऊन नेणाऱ्या बॅचचे. बस भरून माणसं, पुढे एक लीडर, मागे एक लीडर, आणि मधल्या चाळीस जणांना आपण कुठल्या गडावर आहोत तेही माहीत नसतं.

ऐरोलीकर

दोरवाला दादा, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर आहे. पण "बॅच" म्हणून नाक मुरडणं बंद करा. मी बॅच घेऊन जाते.

आणि भटक्यासाहेब, तुमच्या ठाण्याच्या क्लबात सीनियर होते म्हणता. मला कुठे होते? मी अकरावीत असताना एका क्लबात चौकशी केली, तर "आमच्याकडे मुली फारशा येत नाहीत, घरचं पत्र आणा" असं उत्तर मिळालं. बाबांनी मला मुक्कामाला, तेही चार अनोळखी मुलांबरोबर, कधीच पाठवलं नसतं. पहिल्यांदा पाठवलं ते बॅचबरोबर. बस ऐरोलीतून सुटणार होती, लीडर बाई होती आणि तिचा नंबर बाबांच्या फोनमध्ये होता. गोरखगडाच्या त्या उभ्या पायऱ्यांवर माझे पाय लटपटत होते, तेव्हा ती खालच्या पायरीवर माझ्या टाचेला हात लावून उभी राहिली. तिने पैसे घेतले होते म्हणून तो हात खोटा ठरतो का?

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, सगळं त्यात आहे. जे पाळत नाहीत त्यांना पकडा. आम्ही पाळतो.

नौपाड्याचा भटक्या

ताई, एका बाईने धरलेला हात मला मान्य. पण हल्ली रविवारी कळसूबाईच्या शिड्यांपाशी जाऊन बघा. १६४६ मीटरचं महाराष्ट्राचं सर्वात उंच शिखर, आणि शिडीखाली लोकल पकडायला थांबावं तशी गर्दी. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात, धुकं, वारा, ओले लोखंडी दांडे. ही गर्दी कोणी आणली? एकेकट्याने आली का? पाच-पाच बसगाड्या एकाच पायथ्याला एकाच वेळी लागतात.

दुसरं, बॅचवाल्यांचे सगळे गड ठरलेले. कलावंतीण, हरिश्चंद्रगड, राजमाची, कळसूबाई. चंदेरीला, ताहुलीला, सिद्धगडाला कोण नेतं? सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ला बेचाळीसच्या लढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी पडले. हे सांगणारा किती लीडर असतो बसमध्ये?

ऐरोलीकर

मी सांगते. सिद्धगडला नेते आणि हुतात्मा स्मारकापाशी थांबवून सांगते. तुम्ही कधी आमच्या बसमध्ये बसलात? मग कशावरून बोलता?

आणि गर्दीचं म्हणाल तर डोंगर काय नौपाड्यातल्या चार मित्रांच्या नावावर आहे? पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही गेलात तर ती भटकंती आणि आज दिघ्याची, तुर्भ्याची पोरगी गेली तर ती गर्दी. माझ्या बॅचमध्ये कॉल सेंटरला रात्रपाळी करणारी, दुकानात दिवसभर उभी राहणारी माणसं असतात. वाट शोधत दोन दिवस फिरायला त्यांच्याकडे वेळ नाही. एक रविवार मिळतो.

सेक्टर बारा, खारघर

तुमची बॅचची भांडणं चालू द्या. आमच्याकडे पावसाळा लागला की आमच्याच घरामागचा डोंगर आम्हाला बंद. त्याच डोंगराच्या पायथ्याला गोल्फ कोर्स मात्र हिरवंगार. पलीकडे पारसिकचा डोंगर दगडखाणींनी कुरतडला, तेव्हा कोणाला निसर्गाची आणि जिवाची काळजी वाटली नाही. फिरणाऱ्याला काठी आणि पोखरणाऱ्याला परवाना! ठाण्याच्या येऊर जंगलातही तेच. सकाळी चालायला जाणाऱ्याला चौकीवर अडवतात आणि रात्री बंगल्यांवर स्पीकर वाजतात. नॅशनल पार्कच्या कुशीत. आधी त्यावर बोला.

घोडबंदरकर

येऊरबद्दल शंभर टक्के सहमत, आमच्या खिडकीतून ऐकू येतं. पण त्याचा वेगळा धागा काढा.

मुरबाडी

मी गोरखगडाकडच्या गावचा. नोकरीला वाशीत, शनिवारी घरी. एवढे मोठाले प्रतिसाद आले, पण पायथ्याच्या गावाला विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आमच्याकडे पावसात पैसा येतो तो ट्रेकवाल्यांचाच. आई आणि वहिनी जेवण करतात. तांदळाची भाकरी, पिठलं, भात, वरण, ठेचा. शुक्रवारी बॅचवाला साठ पानं सांगतो. शनिवारी संध्याकाळी आदेश निघतो, रविवारी गाडी फाट्यावरून परत. शिजलेला भात कोणी भरून देत नाही. ना सरकार, ना बॅचवाला. एकाने तर फोनच उचलला नाही. वर ताटामागे वीस रुपये कमी करा म्हणून घासाघीस. बसमध्ये माणशी किती घेतले ते आम्हालाही माहीत असतं.

आणि बॅचवालेच नाही, तुमचे जुने भटकेसुद्धा. जुलैत आमची लावणी चालू असते. वाट चिखलाची झाली की सगळे बांधावरून चालतात. बांध फुटतो, खाचरातलं पाणी जातं, रोपं आडवी होतात. बाबा ओरडले तर फोटो काढतात.

बंदी नको. पण वर कोण गेलं, किती गेले, खाली आले का, हे गावाने लिहून ठेवावं. नाव लिहिल्याशिवाय वर सोडायचं नाही. ओढ्याला पाणी किती आहे हे आमच्या घरातल्या पोरालाही खळखळीवरून कळतं. त्याने "आज नाही" म्हटलं की नाही. त्याला त्याचे पैसे द्या.

दोरवाला पनवेल

मुरबाडींशी सहमत. नोंद असली तर आमचं अर्धं काम होतं. रात्री अकराला फोन येतो, "चार जण अडकलेत". कुठे? माहीत नाही. कोणत्या वाटेने चढले? माहीत नाही. फोनची बॅटरी संपलेली. मग अख्खा डोंगर विंचरायचा.

ऐरोलीकर ताई, तुमच्यासारखे लीडर असतील तर माझी तक्रार नाही. पण तसे थोडे आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

ऐरोलीकर

थोडे आहेत, मान्य. जो प्रथमोपचाराची पेटी न घेता चाळीस माणसं घेऊन निघतो, त्याला मीही शिव्या घालते. पण म्हणून सगळ्यांना एकाच दोराने बांधू नका.

मुरबाडी दादा, वीस रुपयांची घासाघीस मी करत नाही. जेवणाचे अर्धे पैसे आगाऊ देते. आदेश निघाला तरी ते परत मागत नाही, ते तुमचेच. बांधाचं मात्र मला माहीत नव्हतं, कोणी बोललंच नाही. वाट चिखलातूनच काढू.

घोडबंदरकर

ठीक आहे. माहुली, गोरखगड, जिथे गावचा माणूस नोंद ठेवेल आणि नाही म्हणू शकेल, तिथली पायवाट उघडी ठेवा. माझी हरकत नाही. मनापासून म्हणतोय असं समजू नका, पण हरकत नाही.

पाणी मात्र बंदच. कुंड, धबधबा, धरणाचा सांडवा, यावर मी एक इंच मागे हटणार नाही. तुम्ही कितीही ज्ञान सांगा.

नौपाड्याचा भटक्या

पाण्याचं मला मान्य. कलावंतीणचंही दोरवाला म्हणतात तर मान्य, त्यांनी तिथून माणसं उतरवलीत. बॅचबद्दल माझं मत तेच आहे. एका वाटेवर एका दिवशी किती माणसं हे गावाने ठरवावं, आणि आकडा भरला की बस असो वा माझ्यासारखा एकटा, दोघांनी परत फिरावं.

ऐरोलीकर

आणि तो आकडा जुन्या ओळखीने आधी भरायचा नाही. फोन करेल त्याला जागा.

मुरबाडी

फोन गुरुवारपर्यंत करा. तांदूळ शुक्रवारी बाजारातून आणावा लागतो.