मदत हवी आहे : जलरंगातील चित्रांवर बुरशीचे डाग
नमस्कार. मी रत्नागिरीत राहून जलरंगात निसर्गचित्रे करतो आणि संध्याकाळी मुलांना एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांसाठी चित्रकला शिकवतो. मुंबईच्या जहांगीर कलादालनातील प्रदर्शनासाठी राखून ठेवलेल्या, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) सुती कागदावरील १४ चित्रांपैकी ५ चित्रांवर यंदाच्या पावसाळ्यात, विशेषतः आकाशाच्या फिकट वॉशमध्ये (पाणी मिसळलेल्या रंगाच्या पातळ थरात), बुरशीचे तपकिरी ठिपके उमटले आहेत. कागदावरील लेपाचे जिलेटिन दमट हवेत बुरशीचे खाद्य बनते, हे जाणून मी कोरड्या मऊ ब्रशने वरची भुकटी काढली आणि ती चित्रे वेगळी ठेवली. ब्लीच लावायला मात्र मन धजत नाही. रंगाला धक्का न लावता हे ठिपके फिके करता येतील का? आणि फ्रेमची काच चित्राला टेकू नये यासाठी आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किती जाडीचा घ्यावा?