व्हॅन्कोमायसिनची पातळी ४१ आली, पण रक्त डोसनंतर काढले होते

खानापूरची लेक:
आईच्या पायाच्या हाडात संसर्ग झाल्याने बेळगावातील एका खासगी रुग्णालयात तिला व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ असे एकेक ग्रॅम सलाइनमधून चालू आहे. चौथ्या डोसआधी, पहाटे ५.३० ला, रक्त घ्यावे असे डॉक्टरांनी लिहिले होते. परंतु त्याच वेळी वॉर्डात अपघाताचा रुग्ण आल्याने ते राहून गेले, सलाइन मात्र ६ ला लागले आणि ७ ला संपले, व रक्त ७.१५ ला सलाइनच्याच सुईतून काढले गेले. फॉर्मवर ‘५.३०’ ही वेळ आदल्या रात्रीच लिहिलेली होती. अहवालात ४१ आले असून आजपासून डोस निम्मा करण्याचे घाटत आहे. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन काल ०.९ होते. मी डॉक्टरांकडे हा विषय काढला, तर सिस्टरची चहाडी केल्यासारखे होईल का?

चिकोडीचा लॅबवाला:
ताई, संध्याकाळच्या डोसआधीच डॉक्टरांना भेटा. ४१ हा आकडा ट्रफचा, म्हणजे पुढच्या डोसच्या अर्धा तास आधीचा, असे समजून वाचला तर कोणीही डोस कमी करील, कारण एवढ्या ट्रफने मूत्रपिंडाला अपाय होण्याची भीती असते. पण सलाइन संपल्यावर पाव तासाने औषध रक्तातून शरीरात अजून पसरतच असते, त्यामुळे तेव्हाची पातळी साहजिकच चढी दिसते; त्यात त्याच सुईतून रक्त घेतल्याने नळीत उरलेले औषधही त्यात मिसळू शकते. तो नमुना हिशेबात धरू नये, असे माझे मत आहे. विनाकारण डोस निम्मा झाला, तर हाडातला संसर्ग आटोक्यात येणार नाही, आणि त्याची चिंता मला जास्त वाटते.

२०२० पासूनच्या अमेरिकी मार्गदर्शनात गंभीर संसर्गासाठी केवळ ट्रफवर विसंबू नये असे म्हटले आहे. सलाइन संपल्यावर १ ते २ तासांनी एक आणि पुढच्या डोसआधी एक अशा दोन नमुन्यांवरून २४ तासांतला औषधाचा एकूण संपर्क (एयूसी) काढतात आणि तो ४०० ते ६०० मध्ये ठेवतात. सर्वत्र तेवढी सोय नसते. नुसता ट्रफ घ्यायचा असेल, तरी दुसऱ्या हातातून घ्यावा आणि डोस सुरू झाल्याची व रक्त काढल्याची खरी वेळ लिहावी.

निपाणीची परिचारिका:
चहाडी कसली? रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळताना फॉर्म आधी भरून ठेवले जातात, ही आमचीच खोड आहे. सिस्टरना आधी विश्वासात घ्या, म्हणजे त्या स्वतःच वेळ दुरुस्त करतील. जेंटामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची पातळी पाहताना आणखी एक पथ्य असते: रुग्णाला सोबत पेनिसिलिन गटातले औषध चालू असेल, तर काढलेल्या रक्ताच्या नळीतसुद्धा जेंटामायसिन निकामी होत राहते आणि पातळी खोटी कमी दिसते. म्हणून निपाणीहून बेळगावला नमुना पाठवायचा झाल्यास आम्ही रक्तद्रव वेगळा करून, गोठवून पाठवतो.

खानापूरची लेक:
सिस्टरना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितले. त्या स्वतःच डॉक्टरांकडे आल्या. संध्याकाळी ५.४० ला डाव्या हातातून रक्त घेतले आणि नळीवरच्या चिकटपट्टीवर वेळ त्यांनीच लिहिली. अहवाल १३.६ आला आहे. डोस तूर्त तोच ठेवला असून क्रिएटिनिन परवा पुन्हा पाहणार आहेत.