चार्ल्स नदीकाठचा हॅच शेल कोणी बांधला?

बॉस्टनकरांनो, एक विचारायचंय. आईबाबा पुण्याहून आलेत, काल संध्याकाळी त्यांना एस्प्लनेडवर, म्हणजे नदीकाठच्या बागेत, फिरवायला नेलं. तिथला तो अर्ध्या घुमटासारखा स्टेज, हॅच शेल, बघून आई म्हणाली, नदीकाठी एवढं पक्कं कोणी आणि कशाला बांधलं, आणि मला सहा वर्षं इथे राहून धड काही सांगता येईना. फोर्थ ऑफ जुलैला बॉस्टन पॉप्स ऑर्केस्ट्राचा प्रोग्रॅम असतो एवढंच ठाऊक. कुणाला माहितीये का?

उत्तर १
सगळं आर्थर फीडलरपासून सुरू झालं. बॉस्टन सिंफनीत व्हायोला वाजवायचा, आणि ज्यांना हॉलचं तिकीट परवडत नाही त्यांनाही हे संगीत फुकट ऐकायला मिळालं पाहिजे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ४ जुलै १९२९ ला नदीकाठी पहिला कार्यक्रम केला, तेव्हा लाकडी तात्पुरता शेल होता. बॉस्टन पॉप्सचा कंडक्टर तो त्याच्या पुढच्या वर्षी झाला, म्हणजे बघा, मोठं पद मिळायच्या आधीच हे करून मोकळा झाला होता! आत्ताचा शेल १९४० चा. मरिया हॅच नावाच्या बाईंनी भाऊ एडवर्डच्या स्मरणार्थ पैसे ठेवले होते त्यातून झाला, म्हणून हॅच. वाद्यांचा आवाज मागे आणि वर विरून न जाता समोरच्या हिरवळीवर यावा म्हणून तो आकार.

उत्तर २
हेलन स्टॉरो बाईंचंही नाव घ्या प्लीज. एस्प्लनेड वाढवायला त्यांनी दहा लाख डॉलर दिले, आणि काठाने हायवे काढायला त्यांचा विरोध होता. १९४४ मध्ये त्या गेल्या आणि १९५१ मध्ये रस्ता झालाच, वर त्याला नाव त्यांच्याच नवऱ्याचं, स्टॉरो ड्राइव्ह. मला याचं दरवेळी वाईट वाटतं, व्हायोलिन अगदी हळू वाजत असतं आणि मधेच गाड्यांची घरघर ऐकू येते.

उत्तर ३
तोफा राहिल्या की! १९७४ मध्ये डेव्हिड मुगार या उद्योजकाने फीडलरला सुचवलं की फोर्थ ऑफ जुलैच्या कार्यक्रमात चायकॉव्स्कीच्या '१८१२ ओव्हर्चर' या रचनेला खऱ्या तोफा, चर्चच्या घंटा आणि फटाके लावू, तेव्हापासून ती प्रथाच पडली. १९७६ ला, देशाच्या दोनशेव्या वर्षी, चार लाख लोक आल्याचा अंदाज होता. आईबाबांना गर्दी झेपणार नसेल तर उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी लँडमार्क्स ऑर्केस्ट्रा फुकट वाजवतं तिथे न्या, सतरंजी आणि डबा घेऊन जा, आम्ही दरवर्षी जातो.

मूळ प्रश्नकर्ता
खूप खूप थँक्यू सगळ्यांना! आईला वाचून दाखवलं. तिला तो बहिणीने भावासाठी पैसे ठेवल्याचा भाग फार आवडला, म्हणाली उद्या परत जाऊ, नीट बघायचाय. जवळच फीडलरचं अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं मोठं डोकं आहे तेही दाखवतो, इतके दिवस ते कुणाचं हेच माहीत नव्हतं. आणि बुधवारचं नक्की.