स्टीव्ह राइशचं 'पियानो फेज': वीस मिनिटं तेच ते, ऐकायचं काय?

शेळगीचा_निवांत
पुतण्या पुण्याहून आला, कानाला हेडफोन लावला अन् म्हणला काका हे ऐका, स्टीव्ह राइश म्हणून अमेरिकन संगीतकार, त्याचं १९६७चं आहे, दोन पियानो. मी आपला भीमसेन-कुमार ऐकणारा माणूस. सुरुवातीला दोघं बारा सुरांचा एकच तुकडा वाजवायलेत, मग मधेच सगळं गढूळ झालं, मला वाटलं नेट अडकलं, तर परत नीट. मग परत गढूळ. वीस मिनिटं हेच की ओ. ह्यात कळण्यासारखं काही आहे का मीच म्हातारा झालो?

ठेका_धरून
नेट नाही ओ, तीच गंमत आहे. एकजण आपली लय अजिबात सोडत नाही, दुसरा केसभर जलद होतो, सरकत सरकत बरोबर एक सूर पुढं गेला की परत पहिल्याच्या लयीत येऊन बसतो. गढूळ वाटतं ते ह्या सरकण्यात. असं बारा वेळा झालं की दोघं एकत्र, म्हणजे सम आली समजा. पुढं तुकडा आठ सुरांचा होतो, शेवटी चारचा. लय सोडली म्हणून गुरुजींच्या हातचा मार खाल्लेला तबलजी आहे मी, इथं तर ती मुद्दाम सोडायचीय, ती पण जराजराशी, अन् शेजारचा ढिम्म हलत नसताना. करून बघा, हात त्याच्याकडंच ओढला जातो.

धोटा
आमचं साखर पेठेत वर घर अन् खाली माग होते. रात्री झोपताना शेजारशेजारच्या दोन मागांचा आवाज यायचा, वेग जवळपास सारखाच पण एक थोडा पुढं पळणारा, त्यामुळं खटखट आधी वेगळी, मग जवळ येत येत एकच मोठा खटका, मग परत फाटायची. ह्या मधल्या वेळात तिसराच ठेका ऐकू यायचा जो कुठल्याच मागाचा नव्हता. मी आईला विचारायचो तिसरा माग कुणी चालू केला, ती तेलुगूत म्हणायची गप झोप. राइशला पण हे आधी मशीनमधेच सापडलंय, १९६५ला, एकच टेप दोन टेपरेकॉर्डरवर लावली तर एक जरा पुढं सरकायला लागली. पियानोवर नंतर आणलं. तेव्हा दोन्ही पियानो सोडा, तिसरा माग शोधा.

खारा_शेंगदाणा
वा. माझ्या वडलांचे दोन्ही कान त्याच खटखटीनं गेले, तिथं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत बे.

धोटा
खरंय तुमचं. आमच्या बाबांशी पण ओरडूनच बोलावं लागायचं.

ठेका_धरून
निवांत काका, पियानो राहू द्या, त्याचंच १९७२चं 'क्लॅपिंग म्युझिक' घरी करून बघा, नुसत्या दोघांच्या टाळ्या. तीन, दोन, एक, दोन, प्रत्येक गटानंतर एक मात्रा गप. झाल्या बारा, आपल्या एकतालाएवढ्या. एकानं तेच धरून ठेवायचं, दुसऱ्यानं काही वेळानं एक मात्रा पुढं उडी मारायची. इथं सरकणं नाही, थेट उडी.

शेळगीचा_निवांत
केलं. मिसेस भाकरी थापताथापता तवा वाजवत धरून होत्या, मी पहिल्याच उडीला त्यांच्यात जाऊन मिसळलो, तीनदा. रात्री पियानो परत लावला अन् धोटा, तुमचा तिसरा माग सापडला ओ! पुतण्याला दाखवायला मागं घेऊन लावलं तर गायब.