मिनेसोटातल्या पाण्याने भरलेल्या लोहखाणींत डायव्हिंग: समुद्रातल्या सवयींत काय बदलावं लागेल?

नीलम_डुलुथ
डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, तारकर्लीला झालाय, नंतरचं डायव्हिंग सगळं अंदमानात. ३ मिमी वेटसूट, ॲल्युमिनियम ८० टाकी, ६ किलो वजन, पाणी २८ अंश. आता मुक्काम डुलुथला. ऑगस्टमध्ये क्रॉस्बीजवळच्या कायुना भागात, बहुतेक पोर्ट्समथ खाणीत, उतरायचा विचार आहे. माझा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करणारं यंत्र) साधा पिस्टनचा आहे, तो चालेल का? वजन किती कमी करू? आणि ७ मिमी सूट पुरेल की ड्रायसूटच (आत पाणी न येणारा) हवा?

गाळ_उडवू_नका
आधी जागेबद्दल, कारण बाकीचं सगळं त्यातूनच येतं. कायुना पट्ट्यात १९११ पासून मँगेनीजयुक्त लोहखनिज काढलं जायचं. खाणी बंद पडल्या, पंप थांबले आणि खड्डे भूजलाने भरले. १९९३ मध्ये राज्याने तिथे रिक्रिएशन एरिया केला. या तळ्यांना मोठे ओढे-नाले मिळत नाहीत, काठ सरळ खाली उतरतात, उथळ भाग जवळजवळ नाहीच. त्यामुळे शेवाळाला पोसणारं फारसं काही पाण्यात येत नाही आणि पाणी इतकं नितळ राहतं.

हे नितळ पाणीच फसवतं. पोर्ट्समथ शंभर मीटरपेक्षा जास्त खोल आहे. भिंतीलगत उतरताना पायाखाली तळ येतच नाही, आणि उजेड चांगला असल्याने आपण किती खाली आलो याचा अंदाज चुकतो. आधीच कमाल खोली ठरवा, पहिल्या वेळी १२ मीटर, आणि दर मिनिटाला खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर बघा.

खाणीच्या पायऱ्यांवर बुडालेली झाडं उभी आहेत. काम थांबल्यावर उगवली आणि पाणी चढलं तशी जागच्या जागी बुडाली. बघायला सुरेख, पण फांद्यांत मासेमारीची दोरी अडकलेली असते, कारण या तळ्यांत ट्राउट सोडतात आणि गळ टाकणारे भरपूर. नायलॉनची दोरी सुरीने कापता येते, विणलेली चिवट दोरी सुरीला दाद देत नाही. म्हणून एक लाइन कटर आणि एक कात्री, दोन्ही हातांना पोहोचतील अशा दोन जागी. पायाला लावलेली सुरी उपयोगाची नाही, तीच आधी अडकते.

लोहखनिजाचा तांबडा गाळ पिठासारखा बारीक असतो. समुद्रात चालते तशी वर-खाली फिन मारलीत की मागून येणाऱ्या बडीला (जोडीदाराला) काही दिसणार नाही. गुडघे वाकवून, बेडकासारखी किक शिका.

फर्स्ट_स्टेज
रेग्युलेटरबद्दल स्पष्ट सांगतो: साधा, सील नसलेला पिस्टन या पाण्यात थर्मोक्लाइनच्या (तापमान एकदम घसरतं त्या थराच्या) खाली नेऊ नका.

ऑगस्टमध्ये वरचे सात-आठ मीटर पाणी २० अंशांच्या पुढे असतं. त्याखाली थर्मोक्लाइन लागते आणि वीस मीटरच्या खाली पाणी साधारण ४ ते ६ अंश. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं, त्यामुळे खोलातलं पाणी भर उन्हाळ्यातही तापत नाही.

फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागात, हवा २०० बारवरून एकदम ९-१० बारच्या इंटरमीडिएट प्रेशरवर उतरते. दाब असा पडला की हवा प्रचंड गार होते, धातूचं तापमान शून्याखाली जातं. साध्या पिस्टनमध्ये स्प्रिंगभोवती बाहेरचं पाणी असतं. ते गोठलं की पिस्टन उघडाच अडकतो, इंटरमीडिएट प्रेशर चढत जातं आणि तोंडातला भाग, म्हणजे सेकंड स्टेज, धो-धो वाहू लागते. समुद्राचं पाणी उणे दोनच्या आसपास गोठतं, गोडं शून्यालाच. म्हणजे खाणीत तुमच्याकडे तेवढाही वाव नाही.

भाड्याने घेताना 'एन्व्हायर्नमेंटली सील्ड डायफ्रॅम' मागा. फर्स्ट स्टेजवर '>१०° सें.' (दहा अंशांहून जास्त) असा शिक्का असेल तर तो थंड पाण्यासाठी नाही, परत द्या. तंत्रज्ञाला इंटरमीडिएट प्रेशर कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवायला सांगा. सेकंड स्टेजवर व्हेंचुरीचा (हवेचा झोत कमी-जास्त करणारा) खटका असेल तर पाण्यात शिरताना 'प्री-डाइव्ह'वर ठेवा.

सवयीही बदलाव्या लागतील. काठावर गार हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघू नका, उच्छ्वासाची वाफ आत गोठते. पाण्यात तपासा. पर्ज (हवा जोरात सोडणारं) बटण दाबू नका. बीसीडीत (हवा भरून तरंगण्याच्या जॅकेटात) हवा थोडी-थोडी भरा आणि त्याच क्षणी श्वास ओढू नका. दोन्ही मिळून हवेचा प्रवाह वाढतो आणि फर्स्ट स्टेज तिथेच गोठते.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुमचा रेग्युलेटर वाहू लागला आणि तुम्ही बडीचा ऑक्टोपस (त्याची जादा सेकंड स्टेज) तोंडात धरलात, की बडीच्या एकाच फर्स्ट स्टेजवर दोघांचे श्वास. तेही घाबरून जोरात घेतलेले. आता तीही गोठते. थंड पाण्यातले अपघात असे साखळीने घडतात. म्हणून हवेचा दुसरा स्रोत तुमच्याच अंगावर, वेगळ्या फर्स्ट स्टेजचा हवा.

नीलम_डुलुथ
म्हणजे पोनी बाटली (छोटी जादा टाकी) की दोन तोंडांचा व्हॉल्व्ह? आणि वजनाचं काय?

फर्स्ट_स्टेज
तुमच्यासाठी पोनी. दोन तोंडांच्या एच-व्हॉल्व्हवर दोन फर्स्ट स्टेज लागतात खरं, पण वाहणारी बाजू बंद करायला डोक्यामागे हात न्यावा लागतो, तोही ५ मिमीचे हातमोजे घालून. सराव नसेल तर तेवढ्यात टाकी रिकामी होईल. निदान ३ लिटरची पोनी घ्या, तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून उतरा आणि सेकंड स्टेज गळ्याशी रबरी फासात अडकवा. फ्री-फ्लो झाला, म्हणजे रेग्युलेटर वाहू लागला तर माउथपीस ओठांनी घट्ट बंद न करता कडेने श्वास घ्या, बडीला खूण करा, पोनीवर या आणि वर निघा. व्हॉल्व्ह मिनिटभर बंद ठेवला तर बर्फ सुटतो हे खरं, पण त्यानंतर डाइव्ह चालू ठेवायची नाही.

वजनकाटा
वजनाचं गणित सोपं आहे. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. तुम्ही आणि सामान मिळून १०० किलो धरलं तर अडीच किलो वजन कमी लागेल. म्हणजे अंदमानातले ६ इथे साडेतीन. पण ते त्याच ३ मिमी सुटात. दोन भागांचा ७ मिमी, हूड, मोजे, बूट घातले की तरंगण्याची शक्ती पाच-सहा किलोने सहज वाढते. सुरुवात ९ किलोपासून करा आणि आकड्यावर विसंबू नका, चाचणी घ्या.

चाचणी अशी: टाकीत ५०० पीएसआय (सुमारे ३५ बार) असताना, बीसीडी पूर्ण रिकामी, साधा श्वास धरून उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीवर हवं, श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. टाकी भरलेली असेल तर जमेल त्यावर २ किलो वाढवा. कारण ॲल्युमिनियम ८० मध्ये पावणेतीन किलोच्या आसपास हवा असते आणि शेवटी टाकीच तरंगायला लागते. वजन कमी पडलं तर ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना थोडं थांबतात तिथे) तुम्ही टिकणार नाही.

दुसरी बाजू: २० मीटरवर सुटाच्या निओप्रीन रबरातल्या बुडबुड्यांचं आकारमान एक तृतीयांश होतं. सूट पातळ होतो, ऊब जाते आणि तुम्ही अचानक जड होता. खाली तळ नसलेल्या भिंतीवर हे फार धोक्याचं. खाली जातानाच बीसीडीत हवा भरत जा आणि निदान अर्धं वजन एका झटक्यात सोडता येईल असं ठेवा.

७ मिमी थर्मोक्लाइनच्या वर पुरेल. खाली जायचं असेल तर ड्रायसूटच, आणि त्याचा कोर्स वेगळा करावा लागतो. हूडमध्ये उतरण्याआधीच पाणी भरून घ्या. गार पाणी एकाच कानात शिरलं तर गरगरतं.

गाळ_उडवू_नका
राहिलेलं थोडक्यात. कॉम्प्युटर 'फ्रेश'वर ठेवा. 'सॉल्ट'वर राहिला तर खऱ्या ३० मीटरला तो २९ च्या आसपास दाखवेल. क्रॉस्बी ३०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे, म्हणजे नियमाने ही अल्टिट्यूड डाइव्ह. तुमचं मॉडेल उंची आपोआप ओळखतं का, हे घरीच पाहून ठेवा.

लाल-पांढरा डायव्हर झेंडा सक्तीचा आहे. तुम्ही झेंड्यापासून ५० फुटांच्या आत राहायचं, बोटींनी १५० फूट लांब. उतरण्याच्या जागा आणि चालू नियम रिक्रिएशन एरियाच्या ऑफिसमध्ये विचारा.

हवेचा हिशेब: २० मीटरवरून दोघांना वर यायचंय, प्रत्येकी ३० लिटर प्रति मिनिट. खाली दाब तिप्पट, म्हणून एक मिनिट १८० लिटर, वर येताना तीन मिनिटं सरासरी दुप्पट दाबाने ३६०, सेफ्टी स्टॉपची तीन मिनिटं दीडपट दाबाने २७०. एकूण ८१० लिटर, ॲल्युमिनियम ८० मध्ये १,१०० पीएसआयच्या आसपास. काटा तिथे येण्याआधी वर निघालेलं असायला हवं. समुद्रातला ५०० चा आकडा इथे विसरा.

मोशीकर
पुण्याजवळच्या पाणी भरलेल्या दगडखाणींत असं करता येईल का?

वजनकाटा
नाही, आणि कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका. तिथली खोली कोणी मोजलेली नसते, तळाशी तारा आणि टाकाऊ लोखंड, पाण्यात सांडपाणी, आणि कडा इतक्या सरळ की सामानासह बाहेर यायला जागा नाही. वर ऑक्सिजन किट घेऊन कोणी उभं नसतं. कायुनातही ऑक्सिजन किट आणि डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा) आपत्कालीन नंबर गाडीत हवाच. जवळचं मोठं हायपरबेरिक चेंबर (डायव्हरवर जादा दाबाखाली उपचार करणारी खोली) मिनिआपोलिसला, हेनेपिन हेल्थकेअरमध्ये, गाडीने दोन तासांहून जास्त लांब.

गाळ_उडवू_नका
नीलम, परत निघताना बीसीडीच्या पिशवीतलं पाणी तिथेच काठावर काढा, बूट-मोजे उलटे करा, चिकटलेली पाणवनस्पती काढून टाका. दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी सामान पाच दिवस पूर्ण वाळवा. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि बीसीडीच्या आतल्या ओलाव्यात जिवंत राहतात.