मण्यार दारात आली, मारायची की नाही?

वाटसरू:
परवा रात्री न्हाणीघरामागे मण्यार निघाली. शेजारचे काठ्या घेऊन धावले, मी अडवलं. तेव्हापासून बोलणी खातोय. साप मारायला जाणं म्हणजे आपणहून त्याच्या टप्प्यात जाणं. पोरं, कुत्रं आत घ्यावं, लांबून नजर ठेवावी, जाणत्या सर्पमित्राला बोलवावं. माझं काय चुकलं?

अंगण:
चुकलंच, स्पष्ट सांगते. माझं लेकरू खाली रांगतं. सर्पमित्र येईपर्यंत ती अडगळीत शिरली तर रात्रभर डोळ्याला डोळा लागेल का? मण्यार चावलेली कळतही नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही, माणूस झोपेतच जातो. मला तिची दया येत नाही.

निशाचर:
ताई, भीती खरी आहे. पण ती मण्यारच, हे बॅटरीच्या उजेडात कशावरून ठरवणार? कवड्यालाही पट्टे असतात आणि तो बिनविषारी. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात, शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेजवळूनच सुरू होतात, पुढे पुसटतात. काठी उगारलेला माणूस एवढं पाहत नाही. शिवाय तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं.

अंगण:
कवड्या मेला तर वाईट वाटेल, पण लेकरापुढे तेही सोसेन. आणि पकडलेला साप लांब नेऊन सोडता, म्हणजे दुसऱ्याच्या दारातच ना?

वाटसरू:
हे मात्र मान्य. ओळखीच्या टापूबाहेर सोडलेला साप भरकटतो, अनेकदा मरतो. त्याच परिसरात, पण वस्ती सोडून सोडायला हवा. मारून तरी काय साधतं? विटांचा ढीग आणि उंदरांची बिळं तशीच राहिली तर दुसरा येतो. मी काल ढीग हलवला, दाराखालची फट बुजवली. गंधक, फिनाइल शिंपडण्यावर विसंबू नका, साप त्याने थांबत नाही. जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्यांनाच जास्त चावते.

अंगण:
ढीग उद्याच काढते, मच्छरदाणीही लावते. काठी मात्र दाराआड राहील.

निशाचर:
राहू द्या. पण घरात सगळ्यांना एक सांगून ठेवा. चावलीच तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही कुठे मिळतात ते आजच विचारून घ्या.