मदत हवी आहे : मालकांच्या आवाजात आलेला पेमेंटचा आदेश थांबवण्याचा नियम कसा लिहावा?

नमस्कार.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी लेखा विभाग सांभाळते. डीपफेक, म्हणजे नक्कल केलेला आवाज किंवा चेहरा वापरून होणारी फसवणूक कशी ओळखावी, यावर वाचायला पुष्कळ मिळते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. फोनवर मालकच बोलत आहेत असे वाटत असताना, किंबहुना खरोखर तेच बोलत असतानाही, पडताळणी झाल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, असा नियम आम्हाला लेखी स्वरूपात आणायचा आहे. तो कसा असावा आणि मालकांच्या गळी कसा उतरवावा, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पार्श्वभूमी अशी. गेल्या महिन्यात एका शनिवारी, संध्याकाळी कार्यालय बंद होण्याच्या सुमारास, माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याला मोठ्या साहेबांचा, म्हणजे मालकांचा, व्हॉट्सॲपवर फोन आला. क्रमांक अनोळखी होता, परंतु डीपीवर साहेबांचा फोटो होता, आवाज त्यांचाच होता आणि बोलता बोलता मध्येच घसा खाकरण्याची लकबही तीच होती. रायपूरच्या ज्या पुरवठादाराकडून आम्ही पत्रा घेतो त्याचे खाते बदलले आहे, गाडी भरून उभी आहे आणि पैसे पोहोचल्याशिवाय ती सुटणार नाही, असे सांगून झाल्यावर लगेच नवा खाते क्रमांक व आयएफएससी कोड मेसेजने आला. सहकाऱ्याने नवे खाते जोडून आरटीजीएसची (मोठी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत लगेच पाठवण्याची सोय) एन्ट्री टाकली. आमच्याकडे एन्ट्री एकाने टाकायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची, अशी पद्धत आहे. मंजुरी धाकट्या साहेबांकडे असते आणि ते त्या वेळी रामटेकला एका लग्नात होते, त्यामुळे त्यांचा फोन लागला नाही. तेवढ्यात खऱ्या मोठ्या साहेबांनी भलत्याच कामासाठी कार्यालयाच्या लँडलाइनवर फोन केला आणि बिंग फुटले. (धाकट्या साहेबांचा फोन लागला असता, तर ‘दादांनी सांगितले आहे ना, मग झाले’ असे म्हणून त्यांनी मांडवातूनच मंजुरी दिली असती, हे आम्ही सगळे जाणतो.)

उद्योजकांच्या एका कार्यक्रमातले साहेबांचे भाषण यूट्यूबवर आहे. आवाज तिथून घेतला असावा. ते रायपूरला गेल्याचा फोटो तर कंपनीच्याच फेसबुक पानावर होता.

खरी अडचण अशी की साहेब स्वतः अगदी याच पद्धतीने फोन करतात. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचे पैसे आत्ताच्या आत्ता टाका, गाडी अडली आहे, असा फोन आमच्याकडे नित्याचा आहे. पूर्वी आमच्यापैकी कोणी ‘साहेब, एक मेल टाकता का?’ असे विचारले, की ‘माझा आवाज ओळखू येत नाही का?’ हे उत्तर ठरलेले असे. ज्या कार्यालयात हे वाक्य अनेक वर्षे ऐकले गेले आहे, तिथे कनिष्ठ कर्मचाऱ्याने शंका घ्यावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मनात आलेले उपाय म्हणजे परवलीचा शब्द, उलट फोन करणे आणि व्हिडिओ कॉलवर खात्री करून घेणे. यांपैकी काय टिकते? शिवाय पैसे गेलेले नसताना तक्रार नोंदवावी का?

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ)

ताई, बँकेच्या बाजूचे तेवढे मी सांगतो. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून; तुम्ही टाकलेले नाव त्या खात्याशी जुळत नाही म्हणून पैसे अडत नाहीत. या फसवणुकीचे निम्मे बळ तिथेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व संबंधित बँकांनी, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव दिसण्याची सोय द्यायची होती. नवे खाते जोडताना ते नाव पाहणे आणि त्याची प्रत फाइलला लावणे सक्तीचे करा. पुरवठादार कंपनी असेल आणि नाव कुणा व्यक्तीचे दिसले, तर तिथेच थांबा.

दुसरे म्हणजे, खाते जोडण्याचा अधिकार आणि पेमेंट टाकण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवू नका. कॉर्पोरेट नेटबँकिंगमध्ये हे वेगळे करून मिळते, त्यासाठी शाखेत अर्ज द्यावा लागतो. पूर्वी शनिवारी संध्याकाळी आरटीजीएस बंद असे आणि सोमवारपर्यंत माणूस शुद्धीवर येई. १४ डिसेंबर २०२० पासून ती सेवा चोवीस तास झाली, तेव्हा ती आपोआप मिळणारी उसंत आता आपणच नियमाने निर्माण करायची आहे.

भरपाईची आशा मात्र धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले ते त्याच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी. इथे तुमचाच कर्मचारी लॉगिन करतो, तुमचेच साहेब ओटीपी टाकतात. पैसे गेलेच, तर वरिष्ठांची वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचे. रक्कम भाड्याच्या (चोरांनी इतरांकडून वापरायला घेतलेल्या) खात्यांतून फुटत जाते आणि जितकी पुढे सरकते तितकी हाती लागणे कठीण होते.

प्रतिसाद (मिहानमधील एका आयटी कंपनीत सुरक्षा विभागात)

व्हिडिओ कॉलवर खात्री करण्याचा विचार सोडून द्या. हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याला आलेल्या ईमेलचा आधी संशय आला होता; तो संशय दूर झाला तो व्हिडिओ बैठकीतच, कारण तिथे वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी बसलेले दिसले. ते सगळे नकली होते. २०२४ च्या सुरुवातीला उघड झालेल्या या प्रकरणात १५ हस्तांतरणांतून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. चेहऱ्यापुढे हात फिरवायला सांगा, मान वळवायला सांगा, असल्या युक्त्या आज चालतील आणि उद्या चालणार नाहीत.

उलट टोकाचे उदाहरण पुण्याचे आहे. २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटमधून एक कोटीहून अधिक रुपये गेले, ते प्रमुखांच्या नावाने आलेल्या निव्वळ व्हॉट्सॲप मेसेजवर. तिथे आवाजाचीही गरज पडली नाही. त्यामुळे तुमचा नियम आवाजाभोवती बांधू नका. आदेश कोणत्याही मार्गाने आला तरी तोच लागू असावा.

परवलीचा शब्द वाईट नाही, परंतु तो हमखास कुणाच्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पडतो. त्यापेक्षा फेरारीच्या अधिकाऱ्याने २०२४ मध्ये केले ते बरे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आवाजात बोलणाऱ्याला त्याने विचारले, की तुम्ही मला नुकतेच कोणते पुस्तक सुचवले होते? फोन तिथेच संपला. तरीही माझ्या मते खरा आधार उलट फोनचाच आहे, आणि तो आलेल्या क्रमांकावर किंवा व्हॉट्सॲपवर न करता, आधीपासून रजिस्टरमध्ये लिहिलेल्या क्रमांकावर साधा फोन म्हणून करायचा. पुरवठादाराचे खाते बदलल्याचे कळले, तर त्यालाही जुन्या बिलावरच्या क्रमांकावर फोन करावा. नव्या पत्रावर छापलेला क्रमांक चोराचाच असू शकतो.

प्रतिसाद (सनदी लेखापाल, सिव्हिल लाइन्स)

तक्रार अवश्य करा. प्रयत्न फसला तरी ज्या खात्यात पैसे मागितले गेले त्याचा क्रमांक तुमच्याकडे आहे, आणि तोच पोलिसांच्या सर्वांत उपयोगाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६सी आणि ६६डी, तसेच भारतीय न्याय संहितेतील तोतयेगिरीने फसवणुकीचे कलम ३१९ इथे विचारात येतात. चॅट पुसू नका आणि तो क्रमांक ब्लॉक करण्यापूर्वी सर्व स्क्रीनशॉट घ्या.

नियमाचे म्हणाल, तर त्यातले एकच वाक्य मोलाचे आहे आणि बहुतेक कंपन्यांच्या धोरणपत्रकांत नेमके तेच नसते. मी ते असे लिहून देतो : ‘पडताळणीसाठी कोणत्याही कर्मचाऱ्याने पेमेंट थांबवले आणि आदेश नंतर खरा निघाला, तरी झालेल्या विलंबाबद्दल त्याला जबाबदार धरले जाणार नाही.’ याखाली दोन्ही साहेबांची सही घ्या. मोठ्या साहेबांना एवढेच सांगा, की हा नियम कर्मचाऱ्यांना बांधण्यासाठी नाही, त्यांच्या नावाने कोणी हुकूम सोडू नये यासाठी आहे. शक्य झाले तर त्यांनीच एखाद्या दिवशी मुद्दाम घाईचा फोन करावा, आणि जो नकार देईल त्याचे सर्वांसमोर कौतुक करावे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. मसुदा मोठ्या साहेबांनी शांतपणे वाचला आणि सही करायची तयारीही दाखवली, परंतु एक अट घातली : डिझेल, हमाली, टोल यांसारख्या किरकोळ रकमा फोनवर सुटल्या पाहिजेत, अन्यथा रात्री रस्त्यात गाड्या उभ्या राहतील. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण पन्नास हजारांची मर्यादा ठेवली, तर चोर एकोणपन्नास हजार चार वेळा मागेल. ही मर्यादा कशी आखावी?

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ)

मर्यादा मुळात खात्यावर ठेवा, रकमेवर नको. ज्या ट्रान्सपोर्टवाल्याला आणि पंपाला तुम्ही नेहमी पैसे देता, त्यांची खाती एकदा कागदोपत्री तपासून यादीत घाला. त्या यादीतल्या खात्यांना दिवसाची एक एकत्रित कमाल रक्कम ठरवून तेवढे पैसे साहेबांच्या फोनवर खुशाल सोडा, कारण आदेश खोटा निघाला तरी पैसे ओळखीच्याच माणसाकडे जातील आणि परत मागता येतील. यादीबाहेरच्या खात्याला मात्र फोनवर एक रुपयाही नाही. नवे नाव यादीत घालायचे काम फक्त कामाच्या दिवशी, कार्यालयात, दोघांच्या सह्यांनीच व्हावे.